जुनी हॉट हॅचबॅक घेताना: भाव कसा ठरवावा, गाडी कशी तपासावी

रोजच्या वापराच्या छोट्या गाडीला जोरकस इंजिन, थोडे कडक सस्पेन्शन आणि चांगले ब्रेक देण्याची, म्हणजेच हॉट हॅचबॅकची, कल्पना 1976 मध्ये विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने जगभर रुजवली. कंपनीचा अंदाज 5000 गाड्या खपतील एवढाच होता. प्रत्यक्षात त्या एकाच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. तिची ताकद होती 110 पीएस (पीएस हे अश्वशक्तीचे माप), म्हणजे आज आपल्याकडच्या एखाद्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकइतकीच. भारतात मात्र अशा गाड्या मोजक्याच आल्या, त्यांतल्या बहुतेक बंद झाल्या, आणि ज्या उरल्या त्यांच्या जुन्या बाजारातल्या किमती ऐकून हौशी माणसेही दोन पावले मागे सरकतात. चढलेला भाव द्यावा की देऊ नये, यावर वाद घालणाऱ्यांची कमतरता नाही. परंतु तो भाव कशाचा आहे, हे गाडीखाली वाकून पाहिल्याशिवाय ठरत नाही. पुढील मजकूर महाराष्ट्रात जुनी हॉट हॅचबॅक घेऊ इच्छिणाऱ्यासाठी आहे.

हौस नेमकी कशाची, हे आधी ठरवावे

हौशी लोकांत साधारणपणे तीन मते ऐकू येतात. पहिले मत असे, की टाटा अल्ट्रोझ रेसर किंवा ह्युंदाई आय20 एन लाइन या खऱ्या हॉट हॅचबॅक नव्हेतच. 120 पीएसच्या इंजिनावर पट्टे आणि बिल्ले चढवलेल्या त्या नेहमीच्याच गाड्या आहेत. दुसरे मत असे, की आपल्या रस्त्यांवर यापेक्षा जास्त ताकद वापरायला जागाच कुठे आहे. तिसरे मत हिशेबी लोकांचे: फोक्सवॅगनच्या जुन्या पोलो जीटीसाठी अवाच्या सवा पैसे मोजण्यापेक्षा आणखी भर घालून त्याच कंपनीची, 150 पीएसचे दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन असलेली व्हर्टस सेडान घ्यावी, पोलोप्रमाणे तीही चाकणलाच बनते, शिवाय नवी असल्यामुळे हमीसह मिळते.

तिसऱ्या मताचे आकडे चुकीचे नाहीत. सरळ महामार्गावर आणि पाच माणसांच्या प्रवासात व्हर्टस प्रत्येक बाबतीत पुढे आहे. पण ताम्हिणी किंवा आंबा घाटातल्या लागोपाठच्या वळणांवर चार मीटरच्या आतली, साधारण अकराशे किलोंची गाडी ज्या चपळाईने तोंड फिरवते, ती लांब सेडानमध्ये मिळत नाही. आणि तीच गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मी रस्त्यावर पार्किंगची फट शोधून तीत बसते. हॉट हॅचबॅकचे आकर्षण या दुहेरी उपयोगात आहे. ज्याला केवळ सरळ रेषेतला वेग हवा आहे, त्याने हा प्रकार सोडून द्यावा, कारण त्या वेगासाठी या गाड्या महागच पडतात. ज्याला कमी वेगातही रस्त्याशी संवाद साधणारी गाडी हवी आहे, त्याला 105 ते 145 पीएसच्या टप्प्यातली गाडी पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात काय सापडते

सर्वांत जास्त मागणी असलेली गाडी म्हणजे पोलो जीटी टीएसआय. 2013 मध्ये ती 1.2 लिटरचे 105 पीएस आणि 175 न्यूटन-मीटरचे टर्बो इंजिन घेऊन आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत 7.99 लाख रुपये होती आणि तिला फक्त सात गतींचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित, गिअरबॉक्स मिळत असे. 2020 पासून तिच्या जागी 1.0 लिटरचे 110 पीएसचे तीन सिलिंडर इंजिन आले आणि डीएसजी जाऊन सहा गतींचा नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टर (स्वयंचलित) किंवा मॅन्युअल गिअरबॉक्स आला. हा फरक खरेदीदाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे वळू. 2022 मध्ये पोलोचे उत्पादन थांबले, निरोपादाखल 700 गाड्यांची ‘लेजंड’ आवृत्ती निघाली, आणि त्या वर्षापासून जाहिरातींत पोलोच्या नावापुढे ‘शेवटची’, ‘दुर्मीळ’ अशी विशेषणे दिसू लागली.

पोलो जीटीआय ही वेगळीच गोष्ट आहे. तीन दारांची, 1.8 लिटरच्या 192 पीएस इंजिनाची ही गाडी 2016 मध्ये पूर्ण तयार अवस्थेत आयात होऊन 25.65 लाखांना विकली जाऊ लागली. ग्राहक न मिळाल्याने पुढच्याच वर्षी किंमत 19.99 लाखांवर आणावी लागली. जी गाडी तेव्हा कोणी घेत नव्हते, तिच्याच मागे आज लोक हिंडतात, यावरून या बाजाराचा स्वभाव कळावा.

रांजणगावच्या कारखान्यातून 2015 मध्ये बाहेर पडलेली फियाटची अबार्थ पुंतो ही माझ्या मते आपल्याकडे रास्त दरात मिळालेली सर्वांत अस्सल हॉट हॅचबॅक. 1.4 लिटरचे टी-जेट इंजिन, 145 पीएस, 212 न्यूटन-मीटर, पाच गतींचा मॅन्युअल गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि एक्स-शोरूम किंमत 9.95 लाख. तिचा हायड्रॉलिक स्टिअरिंग जड आहे, क्लचही जड आहे, आणि मुंबईच्या गर्दीत ती चालवणे ही शिक्षा ठरू शकते. पण मोकळ्या रस्त्यावर ती जे देते ते त्या किमतीत दुसरे कोणी दिले नाही.

मारुती बलेनो आरएस (2017, 102 पीएस, 8.69 लाख) आणि टाटा टियागो जेटीपी (2018, 114 पीएस, 6.39 लाख) या दोन गाड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्या तुलनेने रास्त दरात मिळण्याची शक्यता असते. बलेनो आरएस फारशी थरारक नाही, पण हलकी आहे आणि तिच्या देखभालीचा खर्च अंगावर येत नाही. टियागो जेटीपी ही टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेम यांनी मिळून केलेली गाडी. गंमत भरपूर, मात्र तिचे खास सुटे भाग शोधावे लागतात. आय20 एन लाइन (2021 पासून) आणि अल्ट्रोझ रेसर (2024) या अलीकडच्या असल्याने त्यांच्याबाबतीत पुढील बहुतेक तपासण्या लवकर उरकतात. 2023 मध्ये एन लाइनमधला क्लच-पेडलविरहित आयएमटी गिअरबॉक्स जाऊन सहा गतींचा खरा मॅन्युअल आला. हौशी खरेदीदाराने त्यानंतरचीच गाडी पाहावी.

भाव का चढले, हे समजून घ्यावे

विक्रेत्याशी बोलणी करायची तर भावामागची कारणे माहीत हवीत. आपल्याकडे चार मीटरपेक्षा लहान आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला करात सवलत असते; त्यापुढे इंजिन गेले की गाडी छोटी असूनही मोठ्या गाडीचा कर लागतो. 1368 सीसीच्या अबार्थला हा नियम नडला आणि 1.8 लिटरच्या पोलो जीटीआयला तर नियमाबरोबर आयात शुल्कही नडले. म्हणूनच आपल्या बहुतेक हॉट हॅचबॅक 1.0 किंवा 1.2 लिटरच्या टर्बोवर थांबतात. दुसरा घाव 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस6 या प्रदूषणाच्या नियमांनी घातला. कमी खपाच्या इंजिनांवर नव्याने खर्च करण्याऐवजी कंपन्यांनी ती बंद केली. तिसरे कारण ग्राहकच आहेत: त्याच पैशात उंच बॉनेटची छोटी एसयूव्ही मिळत असताना कडक सस्पेन्शनची हॅचबॅक घेणारे थोडेच उरले.

युरोपातही चित्र फारसे वेगळे नाही. तिथे कंपनीने विकलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर दंड आकारला जातो, त्यामुळे प्रत्येक जोरकस पेट्रोल गाडी कंपनीच्या हिशेबात जड होते. फोर्ड फिएस्टाचे उत्पादन 2023 मध्ये संपले, ह्युंदाईनेही 204 पीएसची आय20 एन तिथून मागे घेतली. उरलेल्या गाड्यांचा दर त्यामुळे चढला, आणि त्या आपल्याकडे आणल्या की काय होते ते गोल्फ जीटीआयने दाखवले: 2025 च्या मे महिन्यात 265 पीएसची ही गाडी सुमारे 53 लाख एक्स-शोरूम दराने आली आणि पहिल्या तुकडीतल्या दीडशे गाड्या किंमत जाहीर होण्याआधीच संपल्या. महाराष्ट्रात आयात गाडीवर 20 टक्के रस्ता कर लागतो. म्हणजे केवळ त्या कराचेच दहा लाखांहून अधिक रुपये झाले, आणि तेवढ्या रकमेत एक नवी एन लाइन दारात उभी राहते. या दीडशे ग्राहकांनी घेतले ते योग्य की अयोग्य, हा त्यांचा प्रश्न. पण त्या किमतीकडे बोट दाखवून जुन्या पोलोचा दर वाढवू पाहणाऱ्या विक्रेत्याला दाद देण्याचे कारण नाही.

उलट एक गोष्ट खरेदीदाराच्या बाजूने झाली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा एकूण कर 29 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. त्याआधी घेतलेल्या एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसरचा मालक आपण भरलेल्या जुन्या ऑन-रोड किमतीवरून टक्केवारी काढून दर सांगत असेल, तर त्याला आजच्या नव्या छोट्या टर्बो गाडीची ऑन-रोड किंमत दाखवावी आणि घसारा तिथून मोजावा. हा एकच मुद्दा पुष्कळदा बोलणी संपवतो.

दर ठरवण्याची रीत

दुर्मीळ गाडीला ठरलेला बाजारभाव नसतो. म्हणून तीन आकडे कागदावर मांडावेत. पहिला, त्याच वयाच्या आणि तेवढ्याच किलोमीटरच्या साध्या आवृत्तीचा दर, उदाहरणार्थ पोलो जीटी टीएसआयसाठी साध्या पेट्रोल पोलोचा. दुसरा, मागितलेला दर. या दोहोंतील फरक ही हौसेची किंमत. ती किती द्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे, पण ती दिसली पाहिजे. तिसरा आकडा पहिल्या वर्षाच्या कामांचा: टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, सर्व तेले, बॅटरी, आणि वयानुसार टायमिंग बेल्ट. गाडीच्या किमतीच्या 15 ते 20 टक्के रक्कम यासाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर एक पायरी स्वस्त गाडी पाहावी. सर्व पैसे खरेदीत घालून मग देखभालीत काटकसर करणाऱ्याकडेच या गाड्या सर्वाधिक बिघडतात, आणि पुढे ‘टर्बो गाड्या नाजूक असतात’ अशी बदनामी होते ती निराळीच.

नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून जुनी गाडी घेतल्यास त्याच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी असतो आणि तो दरात मिळवलेलाच असतो. थेट मालकाकडून घेतल्यास हा बोजा पडत नाही, शिवाय गाडी कशी वापरली गेली हे मालकाच्या बोलण्यातून कळते. हॉट हॅचबॅकच्या बाबतीत मी थेट मालकालाच पसंती देईन.

गाडी पाहायला जाताना

सकाळी जावे आणि इंजिन आधी सुरू करून ठेवू नये, असे मालकाला सांगून ठेवावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. तो कोमट लागला, तर मालकाने थंड इंजिनाचा आवाज ऐकू द्यायचा नाही असे ठरवले असण्याची शक्यता धरावी. थंड इंजिन सुरू होताना पहिली काही सेकंदे खडखडाट होतो का, निळसर धूर येतो का, ते पाहावे. नंतर गाडी पाच मिनिटे तशीच चालू ठेवून एकदा ॲक्सिलरेटर दाबावा; या वेळी निळा धूर दिसला तर टर्बोचे सील संशयास्पद आहेत. कूलंटची पातळी कमी असेल आणि ‘परवाच भरले होते’ असे उत्तर मिळाले, तर गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टायर बारकाईने पाहावेत, कारण ते मालकाच्या स्वभावाविषयी बरेच सांगतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘3219’ म्हणजे 2019 मधला बत्तिसावा आठवडा. वीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला तिच्या वयापेक्षा बरेच नवे टायर असतील, तर मीटरवर विश्वास ठेवण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागाव्यात. पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल, तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा गाडी खड्ड्यात जोरात आदळून सस्पेन्शनचा एखादा भाग वाकला आहे. चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर ज्या गाडीचे सारे मोल तिच्या पकडीत आहे तिच्या पकडीवरच मालकाने कंजुषी केली, एवढे समजावे.

अपघाताचा माग काढण्यासाठी दाराचे रबर थोडे ओढून खालचे स्पॉट-वेल्ड पाहावेत. कारखान्याचे वेल्ड समान अंतरावर आणि गोल असतात, गॅरेजमधले तसे नसतात. बॉनेट आणि दारांच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल, तर ते भाग केव्हातरी काढले गेले आहेत. काचांवरील वर्षाच्या खुणा एकमेकांशी जुळतात का, तेही पाहावे. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 मध्ये चिपळूण पुराखाली गेले. अशा वेळी बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ आहे का पाहावे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा उघडावा, आणि गालिच्याखाली हात घालून ओल जाणवते का ते तपासावे. पाण्यातून निघालेली टर्बो गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

चाचणी फेरी मालकाने ठरवलेल्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता स्पीडब्रेकर, खड्डे आणि थोडा चढ असलेल्या रस्त्यावर घ्यावी. म्युझिक सिस्टीम बंद, खिडक्या खाली. दुसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर जोर सलग वाढला पाहिजे. मध्येच तो ढासळला किंवा शिट्टीसारखा आवाज वाढला, तर टर्बोच्या हवेच्या नळ्यांत कुठेतरी फट आहे. अबार्थमध्ये चौथ्या गिअरमध्ये अचानक जोर दिल्यावर इंजिनच्या फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही, तर क्लच संपत आला आहे. रिकाम्या रस्त्यावर मागे-पुढे पाहून एकदा जोरात ब्रेक लावावा आणि गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे.

डीएसजीची पोलो असेल तर

2013 ते 2020 मधल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये डीक्यू 200 हा कोरड्या क्लचचा सात गतींचा गिअरबॉक्स आहे. त्याचे दोन क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे गर्दीत इंच-इंच सरकताना ते तापतात आणि झिजतात. आणि गिअर बदलण्याचे काम करणारे मेकाट्रॉनिक नावाचे इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट उष्णतेने बिघडते. हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. 2013 मध्ये कंपनीने याच गिअरबॉक्समधले तेल बदलण्यासाठी जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. मेकाट्रॉनिक बदलण्याचा खर्च लाखाच्या वर जातो, आणि दहा वर्षांच्या गाडीवर हा खर्च म्हणजे तिच्या किमतीचा मोठा वाटा.

म्हणून चाचणी अशी घ्यावी. गाडी पूर्ण तापल्यावर, साधारण अर्धा तास गर्दीत चालवल्यानंतर, सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून ती आपणहून सरकू द्यावी. सरकताना थरथर जाणवली तर क्लचची झीज झाली आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर आणि परत दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना धक्का बसतो का, चढावर रिव्हर्समध्ये घेताना गाडी कचरते का, हे पाहावे. त्यानंतर फोक्सवॅगनच्या गाड्या जाणणाऱ्या मेकॅनिककडे नेऊन ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या उपकरणाने) गिअरबॉक्सच्या नोंदी वाचून घ्याव्यात. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन यांसारखी उपकरणे क्लचचे तापमान किती वेळा मर्यादेबाहेर गेले तेही दाखवतात. नोंदी नुकत्याच पुसलेल्या आढळल्या, तर त्या का पुसल्या याचे पटेल असे उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

ज्याचे रोजचे जाणे-येणे हिंजवडी किंवा अंधेरीच्या कोंडीत आहे, त्याने हा गिअरबॉक्स घेऊच नये. त्याला 2020 नंतरची 1.0 लिटरची मॅन्युअल पोलो अधिक योग्य. तिच्यात जुन्या चार सिलिंडर इंजिनाचा गुळगुळीतपणा नाही, हे खरे, पण झोप शांत लागते.

रीमॅप आणि इतर बदल

टर्बो इंजिनाच्या संगणकात बदल करून वीस-तीस पीएस वाढवणे सोपे असल्याने या गाड्यांपैकी बऱ्याच रीमॅप केलेल्या असतात. विक्रेता हे गुण म्हणून सांगतो. खरेदीदाराने ते जोखीम म्हणून ऐकावे. वाढवलेल्या टॉर्कचा भार क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बोवर पडतो, आणि त्या भाराची किंमत नवा मालक भरतो. विकण्यापूर्वी मूळ सॉफ्टवेअर परत टाकले, तरी फोक्सवॅगनच्या अधिकृत यंत्रणेत सॉफ्टवेअर बदलल्याची टीडी1 ही खूण राहिलेली असू शकते. सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केल्यास ती कळते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. कर्कश सायलेन्सरवर वाहतूक पोलिसांची कारवाई होतेच. परंतु त्यापेक्षा मोठा धोका असा, की न कळवलेल्या बदलांचे कारण देऊन विमा कंपनी दावा नाकारू शकते. मूळ अवस्थेतली, मूळ चाके आणि मूळ सायलेन्सर असलेली गाडी मिळत असेल, तर तिच्यासाठी थोडे अधिक मोजणे हीच पुढे फायद्याची गोष्ट ठरते, कारण पुढचा हौशी खरेदीदारही तीच शोधत असतो. बदललेले भाग असतील तर मूळ भाग मालकाने जपून ठेवले आहेत का, हे विचारावे आणि सौद्यातच ते मागून घ्यावेत.

कागदपत्रे आणि विमा

सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर नोंदणी क्रमांक टाकून मालकांची संख्या, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असले तरी हायपोथिकेशन (आरसीवरची बँकेच्या बोजाची नोंद) उतरवलेले नसते, असे वारंवार घडते; बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ई-चलनाची थकबाकी तपासावी. हॉट हॅचबॅकच्या बाबतीत वेगाच्या चलनांची यादी वाचणे हा गाडी कशी वापरली गेली हे जाणण्याचा स्वस्तातला मार्ग आहे. चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 लागतात, आणि विकत घेतल्यापासून 30 दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो.

दिल्ली किंवा कर्नाटकातली गाडी स्वस्त दिसते, पण ती महाराष्ट्रात नोंदवताना मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि इथला रस्ता कर लागतो. मूळ राज्याकडून कराचा परतावा मागता येतो. तो मिळण्यास किती काळ लागेल यावर भरवसा ठेवून खरेदीचे अंदाजपत्रक बसवू नये.

विम्यात या गाड्यांची एक वेगळी अडचण आहे, आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीस गेली, तर विमा कंपनी ठरलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, देते. प्रमाणित तक्त्यानुसार चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा लागतो. हौशी बाजारात मात्र तिचा दर त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणजे नऊ लाखांना घेतलेल्या गाडीची आयडीव्ही साडेपाच लाख असेल, तर मधले साडेतीन लाख मालकाच्या खिशातून जातात. पाच वर्षांवरील गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, म्हणून केवळ हप्ता कमी दिसतो या कारणासाठी कमी आयडीव्ही स्वीकारू नये. जास्तीत जास्त जी मिळेल ती लेखी मागावी आणि दोन-तीन कंपन्यांकडे विचारावे. विमा नावावर करण्याचा अर्ज 14 दिवसांच्या आत करावा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे पहिला हप्ता अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तरी त्यात फसवणूक नसते.

घेतल्यानंतर पहिली कामे

सर्व्हिस बुकात काहीही लिहिलेले असो, इंजिन तेल, ब्रेक तेल, कूलंट आणि सर्व फिल्टर लगेच बदलावेत, आणि कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे सिंथेटिक तेल वापरावे. टर्बो इंजिनाला तेलाचे अंतर ताणणे मानवत नाही. पुस्तकात 15,000 किलोमीटर लिहिले असले तरी आपल्या धुळीत आणि गर्दीत दहा हजारांवर तेल बदलणे शहाणपणाचे. अबार्थ घेतली असेल आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे गृहीत धरून बदलून घ्यावा. तिच्या इंजिनाचे बरेच भाग फियाट लिनिआच्या टी-जेट आवृत्तीशी जुळतात, त्यामुळे सुटे भाग शोधताना दोन्ही नावांनी विचारावे.

आता पंपांवर सर्वत्र 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जुन्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत, गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये, आणि मायलेज थोडे घसरेल हे धरून चालावे. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल टर्बो इंजिनाला उन्हाळ्यात उपयोगी पडते. रोज भरण्याची मात्र गरज नाही.

टायर बदलायची वेळ येईल तेव्हा मूळ मापच ठेवावे. पोलो जीटी टीएसआयच्या नंतरच्या गाड्यांना आणि अबार्थलाही 195/55 आर16 हे माप आहे. त्याहून मोठी चाके दिसायला भारदस्त वाटतात, पण स्टिअरिंग जड होते, खड्ड्यात रिम वाकते, आणि ज्या हलकेपणासाठी एवढे पैसे मोजले तोच कमी होतो. वाचलेले पैसे चांगल्या रबरावर आणि चांगल्या ब्रेक पॅडवर घालावेत, आणि पावसाळ्यात घाटात जाण्यापूर्वी टायरमधली हवा थंड अवस्थेत तपासून घ्यावी.